गोमुखाआधी चार खेपा

गोमुखाला, म्हणजे हिमनदीतून भागीरथी निघते तिथे, जाऊन आले. पाय शाबूत आहेत, राग मात्र अजून त्या दाखल्यावर आहे.

गंगोत्री ते गोमुख १८ किलोमीटर. वाट राष्ट्रीय उद्यानातून जाते, वनखात्याचा परवाना लागतो आणि दिवसाला १५० माणसंच सोडतात. परवान्याचं आम्हाला नेणाऱ्यांनी बघितलं. माझ्याकडे मागितलं एकच, डॉक्टरचा फिटनेस दाखला. वय ५३. म्हटलं, अर्ध्या तासाचं काम.

ठाण्यात घराजवळच्या एका सरकारी दवाखान्यात गेले. पहिल्या दिवशी केसपेपर काढून दोन तास बसले, तर डॉक्टर शिबिराला गेलेले. दुसऱ्या दिवशी फॉर्मवर फोटो नव्हता. तिसऱ्या दिवशी फोटो होता, पण मी पाणी प्यायला उठले तेवढ्यात नंबर पुकारून झाला. "तुम्हीच नव्हतात ना जागेवर!" मग माझी आणि शिपायाची चांगलीच जुंपली. शेवटी आत गेले, बीपी भरलं १५०/९४. डॉक्टर म्हणाले, "अशा बीपीवर हिमालय?" अहो, तुमच्याच बाकड्यावर चढलंय ते! वीस मिनिटं गप्प बसवलं, परत मोजलं, १२८/८२.

तरी सही नाही. फॉर्मवर छापील वाक्य होतं, '४००० मीटर उंचीवर चालण्यास सक्षम'. डॉक्टर म्हणाले, "ठाण्यात तुम्ही ठणठणीत आहात, एवढं लिहीन. तिथलं कसं लिहू?" त्यांचं चूक नव्हतं. समुद्रसपाटीवर धडधाकट असलेल्या माणसालाही वर विरळ हवेचा त्रास होतो. हे मला आता पटतंय, तेव्हा डोकं फिरलं होतं. नेणाऱ्यांना तिथूनच फोन लावला, तर ते म्हणाले, छापील वाक्य खोडा, 'आज तपासले असता प्रकृती ठीक आढळली' असं लिहून आणा, चालेल. मग हे आधी का नाही सांगितलंत? डॉक्टरांनी लगेच लिहिलं, सही केली. शिक्का कपाटात, कपाटाची किल्ली रजेवर. चौथी खेप शिक्क्याची.

तेव्हा दाखल्याचं वाक्य आधीच विचारून ठेवा. आणि नंबर लागल्यावर पाणीबिणी काही नाही, तहान मारायची.

चालणं त्यामानाने सरळ झालं. चौकीवर पिशव्यांतलं प्लॅस्टिक मोजून घेतलं. वाटेत चीडबासा, मग गंगोत्रीपासून १४ किलोमीटरवर भोजबासा, तिथे मुक्काम. सकाळी भागीरथी पाहिली आणि आधी हिरमोडच झाला. मनात निळंशार पाणी होतं, समोर सिमेंट कालवल्यासारखं राखाडी. हिमनदी खडक दळत पुढे सरकते, ते पीठच पाण्यात उतरतं. ओंजळ भरली, दहा आकडे मोजेपर्यंत बोटं बधिर. नंतर तळहातावर बारीक रेव राहिली. ती पुसावीशी वाटेना.

हो, एक राहिलंच. वाटेतले ओढे सकाळीच ओलांडा, दुपारी बर्फ वितळून पाणी वाढतं. हिमनदीच्या तोंडाशी फोटोसाठी जाऊ नका, कडे कोसळतात. मी आधी तीन महिने ठाण्यातल्या येऊरचा चढ चढत होते, त्याचा गुडघ्यांना फार उपयोग झाला. धापेला नाही.

आणि तो दाखला? गंगोत्रीत नेणाऱ्याने न उघडताच फाइलमध्ये सारला. मी त्याला तो बाहेर काढून शिक्का बघायला लावला.