दाराआडची बंदूक

मुलीची रायफल नव्या कपाटात उभी ठेवायची की आडवी, यावर एका रविवारी दुपारी आमच्या घरी ताटावर हात वाळेपर्यंत चर्चा झाली. मुलगी म्हणाली आडवी. बायको म्हणाली उभी, कारण या घरात सपाट जागा रिकामी दिसली की तिच्यावर कोणीतरी इस्त्रीचे कपडे आणून ठेवतं. 'कोणीतरी' म्हणताना ती माझ्याकडे बघत होती. आईनं ताकाचा शेवटचा घोट घेतला आणि निकाल दिला, "दसऱ्याला हळद-कुंकू वाहता येईल अशी ठेवा म्हणजे झालं." मुलीनं कपाळाला हात लावला. जर्मनीहून आलेली, दोन-तीन लाखांच्या घरातली वस्तू. तिचा एक स्क्रू फिरवायचा असला तरी बाईसाहेब मला खोलीबाहेर काढतात. तिच्यावर कुंकू!

मुलगी नेमबाजीत, दहा मीटर एअर रायफलला आहे. कोल्हापुरात हे सांगितल्यावर कोणी डोळे विस्फारत नाही. तेजस्विनी सावंत इथली, राही सरनोबत इथली, आणि स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. १ ऑगस्ट २०२४ ला त्याची पॅरिस ऑलिंपिकची फायनल चालू होती, तेव्हा ज्यांनी जन्मात नेमबाजीची रेंज पाहिली नव्हती ते शेजारी टीव्हीसमोर बसून "नीलिंगला जरा मागं पडला, पण स्टँडिंगला काढतो बघा" असं गुडघा टेकून आणि उभ्यानं मारायच्या फेऱ्यांबद्दल म्हणत होते. आणि त्यानं खरंच काढलं. अर्थात त्याची ती पन्नास मीटरची, परवान्याची, दारूगोळ्याची रायफल. आमची साधी हवेवर चालते.

साधी म्हणायची पद्धत. तिच्या नळकांड्यात हवा भरतात ती दोनशे बार दाबापर्यंत. माझ्या स्कूटरच्या चाकात दोन बार असले तरी मी समाधानी असतो.

कपाटाचं खरं कारण पाऊस. रायफल येते त्या केसमध्ये आतून जाड फोम असतो. प्रवासाला तो झकास, पण जून लागला की तोच फोम ओल धरून बसतो आणि मग पोलादावर तांबूस ठिपके दिसायला लागतात. "घरी गेल्यावर केसमध्ये कोंडून ठेवू नका," असं तिच्या प्रशिक्षक सरांनी सांगितलेलं. मग ती पुसून उघड्यावर ठेवायची. उघड्यावर म्हणजे दिवाणावर. एवढी लांब वस्तू दिवाणावर पडली की पाहुण्यांनी बसायचं कुठं? शिवाय पाहुण्यांबरोबर त्यांची पोरं येतात.

पत्र्याचं तयार लॉकर मिळतं, हे मला दहा जणांनी सांगितलं. पण पत्र्याच्या कपाटाशी माझं लहानपणापासून वाकडं आहे. रात्री कोणी त्याचं हँडल फिरवलं की तो जो 'घडाम्' होतो, त्यानं गल्लीतली कुत्री उठतात. कपाटानं तोंड मिटून राहावं. लाकडाचं दार लागतं तेव्हा फक्त 'ठप्' म्हणतं आणि गप्प बसतं. एवढ्या एका कारणासाठी मी लाकूडकामाला हात घातला, असं म्हटलं तरी चालेल. आणखी एक कारण होतं, पण ते सज्ज्यावर पडलेलं होतं.

त्या सज्ज्यावर फणसाची एक फळी होती. आमचं आजोळ फोंडा घाट उतरून कणकवलीच्या अलीकडे. ते घर उतरवलं तेव्हा भावंडांनी वाटून घेण्यासारखं फारसं काही नव्हतं. कुणी तांब्याचा बंब नेला, कुणी पाटा. मी माजघराच्या दाराची एक फळी टेम्पोत घालून आणली होती. बायकोनं तेव्हा "हे कशाला?" असं विचारलं होतं आणि पुढची कित्येक वर्षं, दर दिवाळीच्या झाडलोटीला, तेच विचारत होती.

माजघराच्या त्या दाराआड एक कोपरा होता. त्यात मामाची छत्री, एक कोयती, आकडी लावलेली लांब काठी आणि छऱ्याची बंदूक, अशी मंडळी एकमेकांना टेकून उभी असत. बंदुकीला वेगळा मान नव्हता. पाऊस आला की मामाचा हात छत्रीकडे जायचा, माकडं आली की बंदुकीकडे. मागच्या पडवीतून मामीची हाक यायची, "इली रे इली!" आणि मामा जेवत असला तर खरकट्या हातानं उठायचा. मधोमध मोडून छर्रा घालायची ती बंदूक. मोडताना स्प्रिंग कण्हायची. गंमत म्हणजे मामानं माकडावर कधी नेम धरला नाही. आगराच्या टोकाला न्हाणीघराचा जुना पत्रा होता, त्यावर तो मारायचा. टण्ण! माकडं फणसावरून आंब्यावर, आंब्यावरून शेजाऱ्यांच्या नारळावर. मग पाच मिनिटांनी शेजाऱ्यांकडून टण्ण. माकडांचा दिवस असा जायचा आणि मामाचाही.

एकदा मामानं घाईत बंदुकीऐवजी छत्री उचलली आणि खांद्याला लावली. माकडं ढिम्म हलली नाहीत. एकानं तर फणसाचा गरा खाऊन बी खाली टाकली, मामाच्या अगदी पायाशी. घाबरवण्यासाठी नुसता आव पुरत नाही, पत्रा वाजावा लागतो, हे त्या माकडांइतकं स्पष्ट मला कोणी सांगितलेलं नाही. असो.

आम्हा मुलांना बंदुकीला हात लावायची बंदी होती, "त्येका हात लावू नको हां" एवढीच. कुलूप नव्हतं. मामा दुपारी आडवा झाला की आम्ही दाराआड जाऊन नळीत डोळा घालून बघायचो. आत काय दिसायचं? काळोख, आणि पलीकडे एक बारीक उजेडाचा ठिपका. आज हे लिहिताना पोटात गोळा येतो, पण तेव्हा त्या ठिपक्यासाठी नंबर लागायचे.

तर ती फळी. ओळखीचे मिस्त्री आले, त्यांनी नखानं ओरखडा काढून पाहिला आणि म्हणाले, "फणस हाय. चांगलं हाय. पण बंदूक आणि कपाटात? भिंतीवर लावा की साहेब. चार माणसं बघतील." हे अस्सल कोल्हापुरी मत. इथं मिळालेली ढाल कपाटात ठेवली तर लोक विचारतात, काही भांडण झालं का. न्यू पॅलेसच्या संग्रहालयात शस्त्रं काचेआड मांडलेली बघत वाढलेल्या गावाला शस्त्र दडवायची कल्पनाच पटत नाही. मी त्यांना म्हटलं, मला कपाटच हवंय, आणि करणारही मीच आहे, तुम्ही फक्त रंधा आणि पटाशी द्या. त्यांनी दिली. रविवारी सकाळी चहाला येऊन प्लास्टिकच्या खुर्चीत बसून माझं काम बघायला लागले. मधूनच "हां" म्हणत. त्या 'हां'चे चार-पाच अर्थ होते आणि त्यातले बहुतेक चांगले नव्हते.

सांगाडा अठरा एमएमच्या वॉटरप्रूफ प्लायचा, दार त्या फळीचं. फळीवर कित्येक वर्षांचा धूर, तेल आणि हातांचा मळ बसून ती काळीकुट्ट झालेली. रंध्याचा पहिला हात फिरला आणि आतून पिवळंधमक लाकूड निघालं. ढलपी गुंडाळत गुंडाळत पायाशी पडली, तिची एक कड काळी आणि पोट पिवळं. मी हात थांबवला. मग सगळी फळी तासलीच नाही. बाहेरची बाजू तशीच काळी ठेवली, आतली तेवढी पिवळी काढली. जिथं छत्रीची मूठ अडकवायचा खिळा होता तिथं भोक आहे, तेही बुजवलं नाही. मिस्त्री म्हणाले, "हां."

माप घेताना खरी मजा आली. मिस्त्रींचं सगळं जग सुतात चालतं. इंचाचे आठ सूत. "एक सूत सोडा, पावसात दार फुगतंय." मुलगी शेजारी उभी. तिच्या जगात निशाणावरचा दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलीमीटर. म्हणजे मिस्त्रींच्या एका सुतात तिचे असे सहा ठिपके मावतात. "काका, एक सूत म्हणजे किती मोठी चूक माहितीय का?" ती म्हणाली. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "बाळा, लाकूड श्वास घेतंय. त्याला जागा सोडाय लागते." यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. पुढच्या आषाढात मात्र दार फुगलं आणि सुटलेलं ते सूत बरोबर भरून निघालं.

उभी की आडवी, हा वाद शेवटी उभीच्या बाजूनं सुटला. पण या रायफलींचं मागचं बट-प्लेट खांद्यात नीट बसावं म्हणून असं काही वाकडंतिकडं असतं की ती जमिनीवर धड उभी राहत नाही. म्हणून पुठ्ठ्यावर त्याचा आकार पेन्सिलनं काढून घेतला, त्या वळणाचा ठोकळा पटाशीनं कोरला, त्यावर फेल्टचं मऊ कापड चिकटवलं. वर नळीसाठी खाच, तिलाही फेल्ट. कोपऱ्यात सिलिका जेलची डबी. तिचे निळे खडे गुलाबी झाले की ओल प्यायले असं समजायचं आणि कढईत गरम करून परत निळे करायचे. आईनं कुणाला न विचारता वेखंडाची पुरचुंडी टाकली. पैठण्यांना चालतं तर बंदुकीला का नाही, हा तिचा प्रश्न रास्त आहे.

छऱ्यांसाठी मी हौसेनं एक छोटा खण केला होता. मुलीनं तो नापास केला. कारण ऐकून मी चाट पडलो. छर्रे शिशाचे, आणि लाकडातून, प्लायमधल्या डिंकातूनसुद्धा, आम्लाची वाफ हळूहळू निघत राहते. बंद जागेत तिनं शिशावर पांढरी पूड धरते. संग्रहालयवाले म्हणे शिशाची नाणी-पदकं म्हणूनच ओकच्या लाकडाच्या कपाटात ठेवत नाहीत. तेव्हा छर्रे त्यांच्या पत्र्याच्या डबीतच, कपाटाबाहेर. त्या खणात आता रबरबँड, एक जुनं पेन आणि दोन सुट्टी नाणी आहेत. खण केला की त्यात काय ठेवायचं हे आपण ठरवत नसतो.

खाचा मी दोन केल्या. दुसऱ्या खाचेत मामाची बंदूक आहे. मामेभावानं ती गोणपाटात गुंडाळून आणून दिली. स्प्रिंग गेलेली, दस्ता तडकलेला. मुलगी म्हणाली, "ती गंजकी माझ्या रायफलशेजारी नको." गंज काही गोवर नव्हे, असं मी म्हणालो. पण रॉकेलनं घासून, तेल लावून मगच आत ठेवली. ती आजही पूर्वीच्याच दाराआड उभी आहे, फक्त छत्री आणि कोयती नाहीत.

मामानं शेवटी ती बंदूक दाराआडून हलवली होती. पलीकडच्या वाडीत एका मुलाचा डोळा छऱ्यानं गेला. बंदूक आमची नव्हती, मुलगाही आमचा नव्हता. पण त्या संध्याकाळी मामानं शिडी लावून ती माळ्यावर टाकली आणि शिडी उचलून गोठ्यात नेऊन ठेवली. त्यानंतर माकडांनी आगर लुटलं तरी त्यानं ती खाली काढली नाही. साडेचार मिलीमीटर नळीची आणि वीस जूल ताकदीच्या आतली हवेची बंदूक असेल तर आपल्याकडे परवाना लागत नाही. त्यामुळे लोक तिला खेळणं समजतात. जत्रेत फुगे फोडायला सहा वर्षांच्या पोराच्या हातात देतात आणि मोबाइल काढून फोटो घेतात. रेंजवर पहिल्या दिवशी पोरांना नेम शिकवत नाहीत. नळीत सेफ्टी फ्लॅग, म्हणजे ती रिकामी असल्याची खूण, घालायला शिकवतात, आणि रिकामी असली तरी माणसाच्या दिशेनं वळवायची नाही, हे. माझ्या मुलीनं चुकून झाडू जरी खांद्याला लावला तरी त्याचं टोक खाली असतं.

म्हणून कुलूप. आणि कुलूप आलं की किल्ली आली, आणि किल्ली आली की मराठी घरातला सर्वांत जुना प्रश्न आला: ठेवायची कुठं? आपल्याकडच्या जागा ठरलेल्या. देवघरातल्या गणपतीमागं, घड्याळामागं, तुळशीच्या कुंडीखाली, तांदळाच्या डब्यात, बायकोच्या लग्नातल्या शालूच्या घडीत. चोरालाही त्याच्या आईनं याच जागा शिकवलेल्या असतात. मी तांदळाचा डबा निवडला. दुसऱ्याच दिवशी आई भरल्या घरात ओरडली, "अरे, ही कसली किल्ली तांदळात?" पाहुणे होते, त्यांची पोरं होती, सगळ्यांनी वळून पाहिलं.

तेव्हापासून एक किल्ली मुलीच्या गळ्यात असते. ती स्पर्धेला गेली की किल्लीही जाते. कुलपाबरोबर दुसरी मिळाली होती, ती मी ठेवलीय. कुठं, ते फक्त मला माहीत आहे. निदान माझी तशी समजूत आहे.