‘रातचें थंय वचूं नाका’: पणजी पायी फिरताना

पणजीत पायी फिरायला निघालात की सल्ले फुकट मिळतात. पायलट, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवाला, सांगतो, कोपऱ्यावरचा गाडेवाला सांगतो, जिच्या खोलीत उतरलात ती मावशीही सांगते, ‘रातचें थंय वचूं नाका’, रात्री तिकडे जाऊ नका. थंय म्हणजे नेमकं कुठे असं विचारलं तर हात मोघम मळा नावाच्या जुन्या भागाच्या दिशेने फिरतो. हे सल्ले काळजीपोटीच दिलेले असतात. पण त्यात जागा एक सांगितली जाते आणि धोका बहुतेक वेळा दुसरीकडेच असतो.

मळा आणि फोंतान्यास ही वस्ती आहे. घरं जुनी, गल्ल्या अरुंद, दिवे पिवळे आणि मंद, म्हणून परक्याला भीती वाटते. पण खिडकीमागे माणसं असतात, कुठे टीव्ही चालू असतो, कोपऱ्यावरचा बार साडेनऊ-दहापर्यंत उघडा असतो. हाक मारली तर कुणीतरी दार उघडतं. खरा ओस पडतो तो खाडीपलीकडचा पाटो. तिथे बँका आणि कचेऱ्या, राहती घरं नावालाच. संध्याकाळी सातनंतर रुंद, गुळगुळीत रस्ते रिकामे होतात आणि मोटारी भरधाव सुटतात. पाटोला जाऊ नका असं मात्र कुणी सांगत नाही, कारण तिथे दिवे भरपूर आहेत. कदंब बसस्टँडवरून रात्री गावात यायचं असेल तर कचेऱ्यांच्या मधून वाट काढू नका. ओरेंच्या खाडीवरचा पादचारी पूल ओलांडा. पलीकडे उतरलात की वस्ती सुरू.

फेरी सकाळी सातला सुरू करा. डिसेंबरात सूर्य सातच्या जरा आधी उगवतो, जूनमध्ये सहाच्या सुमारास. खाडीकाठच्या रस्त्याने मळ्याकडे चालत राहा, डावीकडे पाणी, उजवीकडे घरं. डोंगराच्या पायथ्याशी फोंत फिनिक्स हा झरा लागतो. तिथून वर मारुतीच्या देवळाकडे पायऱ्या चढतात, आणि वरून खालच्या छपरांचे नळे, म्हणजे कौलं, आणि खाडीचं वळण एका नजरेत येतं. या पायऱ्यांबद्दलची सूचना मात्र ऐका. जून ते सप्टेंबर चिऱ्यावर, म्हणजे जांभ्या दगडावर, शेवाळ धरतं. चिरा सच्छिद्र, पाणी पिऊन बसतो, त्यामुळे पाऊस थांबून चार तास झाले तरी वरचा थर ओलाच राहतो. माणसं चढताना नाही, उतरताना घसरतात. पाय आडवा टाका, पायरीच्या मधोमध नको, कडेला, जिथे वर्दळीने दगड झिजलेला नाही. रबरी तळव्याला खोल खाचा असलेली सँडल चालते. घरात घालायची चप्पल घालून वर गेलात तर खाली बसून उतरायची वेळ येईल.

तिथून 31 जानेवारी रस्त्याने सेंट सेबास्तियनच्या कपेलाकडे, म्हणजे छोट्या चर्चकडे, या. (ही तारीख 1891 च्या पोर्तोमधल्या उठावाची. पलीकडच्या 18 जून रस्त्याची तारीख 1946 ची, राम मनोहर लोहियांच्या मडगावच्या सभेची. दोन राजवटींच्या तारखा एकाच शहरात शेजारी नांदतात.) कपेलात क्रूसावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत आणि मान ताठ. तो क्रूस जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या (पोर्तुगीज धर्मन्यायालयाच्या) वाड्यातला. दार उघडं असेल तर आत जा, बंद असेल तर ठोठावू नका.

फोटोंबद्दल दिलेली सूचना खरीच आहे, पण तो सुरक्षेचा प्रश्न नाही, शेजारधर्माचा आहे. रंगवलेली भिंत म्हणजे कुणाचं तरी घर आणि पायरी म्हणजे कुणाची तरी बसायची जागा. बऱ्याच दारांवर मनाईच्या पाट्या आहेत. तिपाई लावून, कपडे बदलत, उंबऱ्यावर बसून फोटो काढणाऱ्यांनी रहिवाशांना वैताग आणला आहे. रस्त्यावर उभं राहून, आवाज न करता, दोन मिनिटांत काढलेल्या फोटोला सहसा कुणी हरकत घेत नाही. दुपारी एक ते चार कॅमेरा पिशवीत ठेवा. ती झोपेची वेळ. दुकानंही तेव्हा बंद असतात, त्यामुळे पोटोबा साडेबारालाच उरकून घ्या: पातळ भाजी, पाव, वर एक मिरची.

आता मुख्य धोका, ज्याबद्दल सल्लागार हमखास गप्प असतात: पाणी. पणजीचा बराच भाग सखल आहे. एका अंगाला ओरेंची खाडी, दुसऱ्या अंगाला सांतिनेजची, आणि दोन्ही मांडवीत रिकाम्या होतात. मांडवी भरतीला चढली की या खाड्यांचं पाणी बाहेर पडायचं थांबतं, उलट आत सरकतं. त्याच वेळी तास-दोन तास सडकून पाऊस लागला की गटारांना जायला जागा उरत नाही, आणि 18 जून रस्ता आणि मळ्याचा खालचा भाग भरतो. पाऊस तेवढाच पण ओहोटीला पडला, तर पाणी पाहता पाहता उतरतं. म्हणून पावसाळ्यात नुसता पावसाचा अंदाज पाहून निघू नका. मुरगाव बंदराच्या भरतीची वेळही पाहा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती जास्त चढते. कोळ्यांचा तिथीची पाऊणपट करायचा हिशेब मुंबईसाठी बरा आहे: अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. गोव्यात ती साधारण तासभर आधी येते. दुसऱ्या दिवशी हीच वेळ पन्नासेक मिनिटं पुढे जाते.

साचलेल्या पाण्यात शिरायची खरी जोखीम म्हणजे तळ दिसत नाही. गेली काही वर्षं शहरात मलनिस्सारण आणि केबलींसाठी रस्ते खणले गेले. बुजवलेली चर खचते, चेंबरचं झाकण रस्त्याच्या वर येतं किंवा खाली जातं, पदपथाची लादी एका कोपऱ्यावर पाय पडला की दुसऱ्या कोपऱ्यातून उसळते. ओळखायची खूण सोपी: पाणी पृष्ठभागावर गोल फिरत असेल तर खाली तोंड उघडं आहे. तिथून दोन मीटर लांब राहा. पाणी घोट्याच्या वर असेल तर पुढे जाऊच नका, दुकानाच्या पायरीवर उभे राहा. ओहोटी लागायची वेळ कळली असेल तर किती वाट पाहायची तेही कळतं. जुन्या घरांच्या पागोळीखालून चालणं पावसात बरं वाटतं, पण वारा सुटला की नळा निसटून पडतो. भिंतीपासून हातभर नाही, चांगले दोन हात लांब राहा.

गावातल्या मुख्य चर्चचा, इमॅक्युलेट कन्सेप्शनचा, जिना उन्हातच पाहावा. 1541 ची मूळ कपेल, पुढे मोठी केलेली इमारत, आणि समोरचा नागमोडी पांढरा जिना खूप नंतर चढवलेला. वरची घंटा जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठातली, गोव्यातली आकाराने दुसरी. पायऱ्यांवर चुना असतो, आणि ओला चुना साबणासारखा निसरडा होतो. 8 डिसेंबरच्या फेस्ताला (चर्चच्या सणाला) इथे पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा पाकीट पुढच्या खिशात. बाकी दिवसांत पाकीटमारीची धास्ती इथल्यापेक्षा बाजारात आणि गच्च भरलेल्या बसच्या दाराशी जास्त. तिथून दादा वैद्य रस्त्यावरच्या महालक्ष्मीच्या देवळात जरूर डोकवा. 1818 साली या देवळाला परवानगी मिळाली, आणि पोर्तुगीज अमलाखालच्या पणजीत त्या परवानगीचं मोल काय असेल याचा विचार करतच पायऱ्या चढा.

नदीकाठावर रात्री कॅसिनोच्या दिव्यांखाली दलाल भेटतात: बोट, सवलत, ‘बस एक तास’. नको म्हणून चालत राहिलं की पुरतं, थांबून भाव विचारला की सुटका नाही. गोव्याच्या रहिवाशांना तिथे खेळायला 2020 पासून बंदी आहे आणि वयाची अट 21 वर्षांची, तेव्हा गोंयकार वाचकांचा प्रश्न आपोआप सुटतो. त्यापेक्षा पलीकडच्या काठावरच्या बेतीची फेरीबोट घ्या. पायी माणसाला पैसे पडत नाहीत, आणि मधोमध गेल्यावर अख्खं शहर समोर येतं. 5 जुलै 1986 ला मांडवीवरचा जुना पूल कोसळला तेव्हा नदी ओलांडायचा मोठा आधार या फेरीबोटीच होत्या. रॅम्प ओला असतो. बोट टेकेपर्यंत साखळीमागे थांबा.

एक सल्ला मात्र शंभर टक्के ऐका. रायबंदरकडे जाणारा लिन्यारिशचा बांध, 1630 च्या दशकातला, तीन किलोमीटरहून लांब, एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला खाजन (भरतीच्या पाण्याची सखल जमीन) आणि मिठागरं. पाहायला सुंदर, चालायला वाईट. रस्ता अरुंद, कडेला चालायला सलग जागा नाही, आणि वेगाने येणाऱ्या बसला तुमच्यासाठी बाजूला होता येत नाही. पाटोच्या टोकाला उभे राहून सूर्य कलताना पाहा आणि परत फिरा.

कुत्री रात्री गल्लीत टोळीने बसतात. पळू नका, हातातली खाण्याची पिशवी लपवा, नजर न रोखता सावकाश पुढे सरका. चावलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या, ‘उद्या बघू’ नको.

मडगाव, वास्को, म्हापशाकडे परतायचं तर शटल बसचं तिकीट आधी काउंटरवर काढावं लागतं. आठनंतर गाड्या विरळ होतात, म्हणून शेवटच्या गाडीची वेळ सकाळीच विचारून ठेवा. ती चुकली तर पुढचा मडगार्ड पिवळा असलेली पायलटची मोटारसायकल शोधा, बसायच्या आधी भाडं ठरवा आणि हेल्मेट मागा. पायलट सहसा शहरातल्या शहरात किंवा जवळपासच नेतो. लांब जायचं असेल तर टॅक्सीच बघा, आणि भाडं तिथेही आधीच ठरवा. काही बिनसलंच तर पोलिसांसाठी 112, रुग्णवाहिकेसाठी 108.