पॅड उसवून बघितला तेव्हा

इचलकरंजीत घराच्याच पुढच्या खोलीत माझं शिवणाचं दुकान आहे. दोन मशीन, एक कटिंगचं टेबल, वर पत्रा. लग्नसराईत सकाळी नऊला मशीनवर बसले की जेवणापुरती उठते. एप्रिल-मे महिन्यात त्या पत्र्याखाली काय होतं ते वेगळं सांगायला नको, आणि पाळीचे चार दिवस त्यातच काढायचे.

मी सुवासिक पॅड घ्यायला लागले ते गिऱ्हाइकांमुळे. ब्लाउजची मापं घ्यायची म्हणजे टेप बाईच्या अंगाभोवती फिरवायची, अगदी जवळ जायचं. आपला वास तिला आला तर? ही धास्ती माझ्या मनात किती वर्षं होती! औषधाच्या दुकानात एकदा फुलांच्या चित्राचं पाकीट दिसलं, तेव्हापासून तेच घेत आले. वर्ष-दीड वर्ष काही झालं नाही. मग एका उन्हाळ्यात जांघेत आग व्हायला लागली. आधी वाटलं घामोळं. पाळी संपली की कमी व्हायचं, पुढच्या महिन्यात दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. तिसऱ्या महिन्यापर्यंत कातडी लाल, खरखरीत झाली आणि खाजवून खाजवून चिरा पडल्या. लघवीला गेलं की डोळ्यांत पाणी यायचं.

औषधाच्या दुकानातून एक मलम आणलं. नुसतं "खाज येतीय" एवढंच सांगितलं, कुठे ते सांगायची लाज वाटली, आणि त्यांनीही विचारलं नाही. मलम लावल्यावर दोन दिवसांत लाली गेली. बंद केलं की आठवड्यात परत, आणि आधीपेक्षा जास्त. असं मी चार महिने केलं. या चार महिन्यांची मला आजही हळहळ वाटते.

शेवटी नणंदेनं ओळखलं. ती सुट्टीला आली होती. मी मशीनवर सारखी या कुशीवरून त्या कुशीवर होतेय हे तिनं बघितलं. "वहिनी, तुमचं काहीतरी दुखतंय. सांगणार आहे का नाही?" दुसऱ्या दिवशी तीच मला मिरजेला त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर बाई होत्या. मनावरचं अर्धं ओझं दारातच उतरलं.

त्यांनी आधी मलमाची ट्यूब मागितली. त्यात तीन औषधं एकत्र होती: स्टिरॉइड, बुरशीवरचं औषध आणि जंतूंवरचं औषध. त्यांनी समजावलं की स्टिरॉइड लाली दाबून टाकतं, म्हणून बरं वाटतं. पण ते नाजूक जागी महिनोन्महिने लावलं तर कातडी पातळ होते, आणि मूळ दुखणं गजकर्णाचं असेल तर ते आतल्या आत पसरतं. मग थोडी कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली. बुरशी नव्हती. त्यांनी मला एक गोष्ट दाखवली जी माझ्या लक्षातच आली नव्हती. पुरळाचा आकार हुबेहूब पॅडचा होता, पंखांसकट. जिथे पॅडचे पंख मांडीला लागतात तिथे दोन्ही बाजूंना तसेच दोन पट्टे. कापडावर खडूनं माप आखावं तसं.

"हे बाहेरून लागतंय, आतून नाही," त्या म्हणाल्या. मग कशाची ॲलर्जी आहे ते शोधायला पॅच टेस्ट करायची ठरली.

ही चाचणी फार कमी जणींना माहीत असते म्हणून जरा सविस्तर सांगते. पाठीवर छोट्या छोट्या वाट्यांची पट्टी चिकटवतात. प्रत्येक वाटीत एकेक पदार्थ: निकेल, रबरातली रसायनं, टिकवणारी द्रव्यं, वासांचं मिश्रण, आपल्याकडचं गाजर गवतसुद्धा. सोमवारी लावलं, बुधवारी ४८ तासांनी काढून बघितलं, शुक्रवारी परत बघितलं, कारण काही ॲलर्जी उशिरा उमटते. तेवढे दिवस पाठ भिजवायची नाही, घाम येऊ द्यायचा नाही. म्हणजे मशीनही बंद. पाच दिवस दुकान बंद आणि मिरजेच्या तीन फेऱ्या, तेही ऐन कामाच्या दिवसांत. पण सुई टोचत नाहीत, दुखत नाही. शुक्रवारी वासांच्या मिश्रणाच्या जागी लाल, फुगीर, पुटकुळ्यांचा ठिपका उठला होता. बाकी पाठ स्वच्छ.

डॉक्टरांनी सांगितलं की वास असलेलं काहीही त्या भागाला लागता कामा नये. साबण नाही, पावडर नाही, ओले रुमाल नाहीत, 'तिथल्या' स्वच्छतेसाठी म्हणून विकतात ते द्रव तर मुळीच नाही. बाहेरून साधं पाणी पुरे. योनीची आतली सफाई शरीर स्वतः करतं. आणि रक्ताच्या वासाचं म्हणाल तर रक्त बाहेर येऊन हवा, घाम आणि जंतू यांच्यात तासन्‌तास राहिलं की वास धरतं. पॅड वेळेवर बदलणं हाच त्याच्यावरचा इलाज. अत्तर वास झाकतं, घालवत नाही. मात्र मासळीसारखा उग्र वास येत असेल, खाजेबरोबर अंगावरून वेगळं काही जात असेल, तर तो संसर्ग असू शकतो. तिथे पॅड बदलून भागत नाही, तपासूनच घ्यायला हवं.

घरी आल्यावर मी माझ्या पद्धतीनं शोध घेतला. उरलेल्या पाकिटातला एक पॅड कटिंगच्या टेबलावर घेतला आणि उसवला. वरचा थर म्हणजे बारीक भोकांचा प्लॅस्टिकचा पापुद्रा. त्याखाली कागदासारखा पदर, मग लाकडाच्या लगद्याचा कापूस, त्यात साखरेसारखे बारीक दाणे, आणि सगळ्यात खाली परत प्लॅस्टिक, चिकटपट्टीसकट. त्या दाण्यांवर चमचाभर पाणी घातलं तर ते फुगून जेली झाली. म्हणजे शोषून धरायचं काम ते दाणे करतात. आणि वास? उसवलेल्या पॅडचा वास टेबलावरच्या रुबिया कापडाच्या तुकड्यांना लागला तो दुसऱ्या दिवशीपर्यंत गेला नाही. सात-आठ तास त्यावर, त्या पत्र्याखाली, घामात बसत होते मी. पाकिटावर कुठला सुगंध घातलाय हे एका ओळीतही लिहिलेलं नव्हतं.

मग बिनवासाचे पॅड शोधायला निघाले. इथे दोन गोष्टी शिकले. 'कॉटनी' लिहिलंय म्हणजे ते सुती असतंच असं नाही. बऱ्याचदा तो मऊ लागणारा पण प्लॅस्टिकच्याच धाग्यांचा थर असतो. मी कापडातली असून फसले होते. आणि 'अनसेंटेड' म्हणजे वास येत नाही एवढंच. मूळ वास झाकायला काही घातलेलं असू शकतं. 'फ्रॅग्रन्स फ्री' लिहिलेलं बघावं. वरचा थर सुती असलेले पॅड आमच्याकडे दोनच दुकानांत मिळाले, तेही दुप्पट किमतीला. दर चार-पाच तासांनी बदलायचे, भरला नसला तरी. दोन महिन्यांत कातडी पुष्कळ सुधारली. आग गेली, पण मशीनवरच्या दिवशी ओलसरपणा आणि घासणं राहिलंच.

नणंदेनं तेव्हा कापडी पॅडचं सुचवलं. मी सासूबाईंना विचारलं, त्या काय वापरायच्या. जुन्या लुगड्याच्या घड्या, त्या म्हणाल्या. "कापड वाईट नव्हतं गं. वाळवायला जागा नव्हती. माळ्यावर, अंधारात, परकराच्या खाली वाळत घालायचो. दमट असलं तरी तसंच परत घ्यायचं." हे सांगताना त्यांचा आवाज उतरला. चाळीस वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं. मी त्यांना म्हटलं, "आई, आपली दोरी उन्हात आहे."

कापडाच्या गावात राहून पॅडसाठी कापड शोधायला मला तीन प्रयत्न लागले. पहिला पॅड मी कोऱ्या पॉपलिनचा शिवला. कोऱ्या कापडाला खळ असते, ती पाणी शोषू देत नाही, उलट ओघळ बाजूला जातो. कापड आधी दोन-तीनदा धुऊनच बेतायला हवं, आटायचं ते तेव्हाच आटतं. दुसरा फलालीनचा केला, कडा इंटरलॉक करून. तो शोषायचा छान, पण इंटरलॉकचा दोरा अख्खा दिवस मांडीला घासला. तिसऱ्याला गळू नये म्हणून खाली रेनकोटचं कापड लावलं आणि पुन्हा तीच वाफ, तोच घाम. तो मी तासाभरात काढला.

आता जो शिवते तो असा. अंगाला लागणारा थर धुतलेल्या मऊ सुती कापडाचा, पांढरा किंवा फिका. आत फलालीनचे तीन पदर, रात्रीसाठी पाच. खाली घट्ट विणीचं सुती कापड. सगळं उलटं जोडून सुलटं करायचं, म्हणजे कच्ची कड आतच राहते, आणि वरून एकच टीप, कडेपासून पाव इंच आत. लांबी दहा इंच, मधली रुंदी पावणेतीन. पंखांना टिच बटण, पण ते खालच्या बाजूला, मशीनवर बसल्यावर टोचणार नाही असं. सलग तिथे बसूनच मी ती जागा ठरवली.

दोन पाळ्या सुखात गेल्या आणि तिसऱ्या वेळी पुन्हा खाज. मी हादरले. ट्यूब परत शोधायला निघाले होते, पण मिरजेला फोन केला. डॉक्टरांनी एकच विचारलं, "धुता कशात?" धुत होते सुवासिक पावडरीत, शेवटी कापड मऊ करणारं निळं द्रव, आणि मनाच्या समाधानाला भिजवायच्या पाण्यात टोपणभर जंतुनाशक. दारातून घालवलेला वास मीच खिडकीतून घरात घेतला होता. कापड मऊ करणाऱ्या द्रवानं शोषणही कमी होतं, हे तर मला शिवणारीला ठाऊक असायला हवं होतं. तेव्हापासून गार पाण्यात भिजवायचे, कारण गरम पाण्यात रक्ताचा डाग पक्का बसतो. मग बिनवासाचा साधा साबण, भरपूर पाण्यात खळबळून कडक उन्हात. पावसाळ्यात पंख्याखाली, आणि पूर्ण वाळल्याशिवाय घडी करायची नाही. खाज परत आली नाही.

पण लग्नसराईतले दोन दिवस माझ्यासाठी जड जातात. कापडी पॅड तीन-चार तासांत भिजतो आणि दुकान सोडून उठता येत नाही. त्यासाठी मासिक पाळीचा कप, म्हणजे योनीत बसवायचा, रक्त साठवणारा छोटा मऊ कप. याला मी सगळ्यात जास्त घाबरले होते. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन आधी विचारलं. त्यांनी सांगितलं की २०१९ साली 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकात ४३ अभ्यास एकत्र करून बघितले होते. त्यात कप सुरक्षित ठरला आणि गळती पॅडइतकी किंवा कमी आढळली, मात्र सवय व्हायला काही पाळ्या जातात. माझ्या नणंदेला तांबी आहे. तिला त्यांनी आधी तपासून घ्यायला सांगितलं, कारण कप ओढताना तांबी सरकू शकते.

पहिल्या महिन्यात मला तो नीट बसवता आला नाही, दुसऱ्यात निघेना म्हणून घाम फुटला. तेव्हा कळलं की देठ धरून ओढायचं नसतं. कपाचा तळ चिमटीत दाबायचा, आत हवा शिरते, मग तो सैल होतो. उकिडवं बसायचं आणि घाई करायची नाही. तिसऱ्या महिन्यात मी सकाळी सातला घातला आणि दुपारी तीनपर्यंत मला त्याची आठवण झाली नाही. कपावर मापाच्या रेघा असतात. चार दिवसांचा सगळा हिशेब मांडला तेव्हा साधारण ५० मिलिलिटर भरलं. मला वाटायचं वाटीभर जातं! ८० च्या वर जात असेल तर दाखवायला या, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलंय. कप उकळायला वेगळं पातेलं आहे, त्याला स्वयंपाकघरात कुणी हात लावत नाही.

मुलगी आठवीत आहे. तिला कप नको, कापडी पॅड शाळेत नको, आणि ते मला पटतं. भिजलेलं कापड दप्तरात घालून ती दिवसभर कशी वावरेल? तिच्यासाठी बिनवासाचे सुती थराचे पॅड, घरी असताना कापडी. पहिल्यांदा दुकानात ती माझ्याबरोबर आली तेव्हा तिनंच पाकीट उलटं करून वाचलं. दुकानदार सवयीनं काळ्या पिशवीत घालायला लागला, तर "पिशवी नको काका" म्हणाली आणि पाकीट हातात धरून रस्त्यानं चालत आली. मी तिच्या मागे होते. वापरलेला पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा, हे तिला पुण्याच्या मावशीनं शिकवलं. तिकडे कचरा वेचणाऱ्या बायकांच्या 'स्वच्छ' संस्थेनं ही मोहीम चालवली, कारण तो कचरा शेवटी कुणाच्या तरी हातांनी वेगळा होतो. आमच्या घंटागाडीवाल्या मावशीला ठिपक्याचा अर्थ मी स्वतः जाऊन सांगितला.

गेल्या आठवड्यात मापं द्यायला आलेल्या एका बाईनं दोरीकडे बघत हळूच विचारलं, "ते काय शिवलंय?" मी एक पॅड काढून तिच्या हातात दिला. तिनं बोटांनी पदर मोजले, टीप तपासली आणि स्वतःच्या दुखण्याचं सांगायला बसली. तिचंही असंच मलमावर चाललं होतं. मिरजेचा पत्ता लिहून दिला आणि सध्या मलम बंद कर, डॉक्टरांना ट्यूब दाखव, असं सांगितलं. तिच्यासाठी सहा पॅड बेतायचे आहेत. तिला लांबी अर्धा इंच जास्त हवी आहे, आणि फलालीन आधी धुऊन वाळत घातलंय.