डळमळत्या सुराचं मूळ सापडलं

सापडलं! माझ्या जुन्या रेडिओ-कॅसेटच्या पेटीला पाच आठवडे छळणारा दोष बेल्टचा, म्हणजे मोटरची गती पुढे नेणाऱ्या रबरी पट्ट्याचा नव्हताच; तो पिंच रोलरचा, म्हणजे फिरत्या दांडीवर टेप दाबून धरणाऱ्या छोट्या रबरी चाकाचा होता. मागच्या नोंदीत मी छातीठोकपणे लिहिलं होतं, "नवा बेल्ट बसला की काम फत्ते." ते विधान मागे घेते.

आठवण करून देते: पेटीचा रेडिओ पहिल्या साफसफाईनंतरच सुरेख वाजायला लागला होता. रडगाणं फक्त कॅसेटचं. तालवाद्यांच्या गजरात काही जाणवायचं नाही, पण बासरीचा एखादा लांब सूर आला की तो पाण्यावर तरंगल्यासारखा खालीवर व्हायचा. मूळ बेल्ट वितळून डांबर झाला होता, म्हणून संशय तिथेच अडकून राहिला. तीन बेल्ट बदलले. पहिले दोन मिश्र मापांच्या पाकिटातले. अशी पाकिटं घेऊ नका, हे कळकळीने सांगते. माझ्या पाकिटातल्या एका बेल्टला जोडाजवळ चक्क गाठ होती. जो विक्रेता आतला व्यास आणि जाडी दोन्ही लिहून देतो, त्याच्याकडूनच घ्यावं. तिसरा बेल्ट तसाच मागवला आणि तो फ्लायव्हीलवर, म्हणजे टेपची गती एकसारखी ठेवणाऱ्या जड चाकावर झकास बसला. सूर मात्र तसाच डुलत राहिला.

शेवटी स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवला आणि वही उघडली. 3,150 हर्ट्झचा एकच सूर भरलेली टेस्ट टेप लावून दहा सेकंदांचा तुकडा संगणकावर घेतला आणि वारंवारतेचा आलेख काढला. टोन 3,128 ते 3,171 च्या मध्ये झुलत होता, म्हणजे दोन्ही बाजूंना जवळजवळ 0.7 टक्के. त्याहून महत्त्वाचं म्हणजे झोके मोजता येत होते. दहा सेकंदांत सोळा, म्हणजे सेकंदाला 1.6.

आता गंमत बघा. कॅसेटची टेप सेकंदाला 47.6 मिलिमीटर धावते. माझा कॅपस्टन, म्हणजे फ्लायव्हीलबरोबर फिरून टेप ओढणारी पोलादी दांडी, 2 मिलिमीटर जाड, म्हणजे त्याचा घेर 6.28, तो सेकंदाला सुमारे 7.6 फेरे मारतो. कॅपस्टन किंवा फ्लायव्हील वाकडं असतं तर झोके त्या गतीने आले असते. बेल्टची लांबी 240 मिलिमीटर आणि फ्लायव्हीलचा व्यास 60 धरला तर बेल्टचा एक फेरा सेकंदाच्या साधारण सहाव्या हिश्शात होतो. तोही बाद. पिंच रोलरचा व्यास 9.4, घेर साडेएकोणतीस; 47.6 भागिले साडेएकोणतीस म्हणजे 1.6! मी तो भागाकार तीनदा केला.

रोलरला आसावर अडवून ठेवणारी सर्क्लिप काढून रोलर हातात घेतला. नुसत्या डोळ्यांना काही दिसेना, काळा आणि गुळगुळीत. आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून दिव्याखाली फिरवला, तेव्हा एका जागी प्रकाशाची रेघ किंचित मोडली. नख फिरवलं तर तिथे खळगा लागला, केसाएवढा खोल, रोलरच्या पूर्ण रुंदीभर, कॅपस्टनच्या गोलाईशी जुळणारा. मग पेटी घरी आणली त्या दिवसाचा फोटो काढून पाहिला. प्ले बटण खाली दाबलेलंच आहे! बटणं यांत्रिक असल्यामुळे वीज तुटली तरी रोलर कॅपस्टनवर दाबलेलाच राहतो. किती वर्षं पोलादी दांडी त्या रबरात रुतून बसली असेल! जुनी पेटी विकत घेताना सगळ्यात आधी बटणं वर आहेत का ते बघा.

घाईत एक चूकही केली. रोलर ड्रिलमध्ये धरून बारीक पॉलिशपेपरने घासला. खळगा गेला, पण रोलर एका बाजूला निमुळता झाला आणि टेप वर चढून कडेने चुरगळली. नशिबाने कॅसेट प्रयोगाची होती. नवीन रोलर मागवला तर वेष्टनावर फक्त बाहेरचा व्यास. आतलं भोक 2 मिलिमीटर, माझा आस दीडचा. सगळंच लडखडायला लागलं. दुसऱ्यांदा बाहेरचा व्यास, रुंदी आणि भोक अशी तिन्ही मापं लिहून पाठवली, तेव्हा योग्य रोलर हाती आला.

परवा रात्री बसवला. टोनचा झोका 0.15 टक्क्यांच्या आत! तीच बासरी लावली. सूर निघाला तसा सरळ गेला, आणि मी पूर्ण बाजू संपेपर्यंत जागची हलले नाही.

मधल्या काळात कॅसेटच्या झाकणाचं डॅम्पर, म्हणजे झाकणाचा वेग आवरणारा भागही दुरुस्त झाला. जुनं ग्रीस सुकलं होतं, त्यामुळे झाकण खाडकन उघडायचं. टोकदार काडीवर मावेल एवढंच घट्ट सिलिकॉन ग्रीस लावलं. आता ते श्वास सोडल्यासारखं हळूच उघडतं. काल उगाचच दहा वेळा उघडलं.

पुढचा बेत ब्लूटूथचा होता, मागच्या फळीत मॉड्यूल बसवून. पण ती फळी कापायला हात धजत नाही. झानुसो आणि सॅपर या डिझायनरांनी ब्रिओनवेगा या इटालियन कंपनीसाठी केलेला टीएस 502 बंद केला की नुसता ठोकळा, उघडला की रेडिओ. ही पेटीही त्याच घराण्यातली, बंद असताना कुठेही जादा भोक किंवा खूण दिसू नये अशी घडवलेली. आणि हे लिहिता लिहिता सुचलं: मागे पाच पिनांचं डिन सॉकेट, म्हणजे बाहेरचा आवाज आत घ्यायची जुन्या धाटणीची गोल जोडणी, आहेच! सर्किटच्या नकाशात 3 आणि 5 नंबरच्या पिना डाव्या-उजव्या इनपुटच्या, 2 नंबरची ग्राउंड. छोटा ब्लूटूथ रिसीव्हर केबलने तिथेच जोडला तर काहीच कापावं लागणार नाही. मॉड्यूलचा बेत रद्द, डिन प्लग मागवते.

त्याआधी हेडचा अझिमथ, म्हणजे टेप वाचणाऱ्या हेडचा टेपशी असलेला कोन, जुळवायचा राहिलाय. नव्या रोलरमुळे टेपची वाट किंचित बदलली असणार, उजव्या चॅनेलचा तार सूर थोडा बोथट वाटतोय. आलेखात सेकंदाला 7.6 झोक्यांच्या, म्हणजे कॅपस्टनच्या गतीच्या जागी एक बारीकसा उंचवटाही अजून दिसतो, म्हणजे फ्लायव्हील पुन्हा काढून कॅपस्टनचं बेअरिंग तपासणं आलं. ते या रविवारी, मग अझिमथ.