झेन क्रॅश-हँडलर, टप्पा २: आधी वॉचडॉग बंद, मग लॉक मोकळे

झेन हे हायपरवायझर, म्हणजे एका मशीनवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारा थर. ते कोसळल्यावर चालणाऱ्या क्रॅश-हँडलरच्या या टिपा. सेटअप: क्यूईएमयू-केव्हीएममध्ये नेस्टेड झेन (व्हर्च्युअल मशीनच्या आत झेन), सिरियल १,१५,२०० बॉडवर, बूट ओळीत 'क्रॅशकर्नल=२५६एम' (कोसळल्यावर मेमरीची नक्कल, म्हणजे डंप, घेणाऱ्या क्रॅश-कर्नलसाठी राखीव मेमरी). क्यूईएमयूला '-सीपीयू होस्ट' हवेच. आतल्या झेनला पीएमयू (सीपीयूतला घटना मोजणारा भाग) दिसला नाही तर एनएमआय (अडवता न येणारा इंटरप्ट) वापरणारा वॉचडॉग, म्हणजे सीपीयू अडकला का ते बघणारा पहारेकरी, चालत नाही. बूट होताना वॉचडॉग चाचणीच्या ओळीपुढे 'ओके' दिसले पाहिजे.

झेनमध्ये टायमर प्रत्येक सीपीयूवर दर सेकंदाला एक आकडा वाढवतो आणि एनएमआय तो हलतोय का बघतो. डिफॉल्ट ५ सेकंद हलला नाही, की सीपीयू अडकला असे धरून पॅनिक, म्हणजे झेन स्वतःच काम थांबवते. क्रॅशमध्ये इंटरप्ट बंद, कन्सोल सिंक मोडमध्ये (बाइट जाईपर्यंत थांबून). टायमर चालणार कुठून? ८एन१ला (दर बाइटला १० बिट) सेकंदाला ११,५२० बाइट, म्हणजे ५ सेकंदांत ५७,६००. मोठ्या मशीनवर सगळ्या सीपीयूंचे स्टॅक एवढ्यात मावत नाहीत. 'वॉचडॉग_टाइमआउट' वाढवणे ही मलमपट्टी; खरोखर अडकलेला सीपीयूही मग तितकाच उशिरा सापडतो.

लॉकची, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलपाची, भानगड जास्त खोल आहे. कन्सोल लॉक रिकर्सिव्ह, त्यामुळे तोच सीपीयू तो पुन्हा घेऊ शकतो. सिरियल पोर्टचा ट्रान्समिट लॉक मात्र साधा. बाइट पाठवताना त्याच सीपीयूवर एनएमआय आला आणि हँडलरने प्रिंट केले, तर तो स्वतःच्याच लॉकपाशी कायमचा फिरत राहतो. इंटरप्ट बंद करून एनएमआय अडत नाही. म्हणून झेनच्या 'कन्सोल_फोर्स_अनलॉक' या फंक्शनचा क्रम पाळायचा: वॉचडॉग बंद, स्पिनलॉक-डीबग (लॉक नीट वापरले का याची तपासणी) बंद, कन्सोल लॉक नव्याने इनिशलाइझ, सिरियलचे लॉक मोकळे. स्पिनलॉक-डीबग चालू राहिला तर त्याचीच तपासणी क्रॅशमध्ये दुसरा क्रॅश घडवते. लॉक असे मोकळे केल्यावर दोन सीपीयूंच्या ओळी एकमेकींत घुसतात, पण हँगपेक्षा ते परवडले.

हँडलरमध्ये नवा लॉक घालू नका; टेस्ट-अँड-सेट बिट (एकाच पावलात तपासून लावायची खूण) पुरे, पहिला सीपीयू पुढे, बाकीचे परत. इतरांना थांबवताना वाट बघण्याला मर्यादा ठेवा. झेन जास्तीत जास्त १ सेकंद थांबते.

चाचणीला 'एक्सएल डीबग-कीज सी' (कॅपिटल सी; हाताने क्रॅश घडवणारी आज्ञा) पुरेसे नाही, तो सरळ रस्ता आहे. डीबग-कीचे आउटपुट वाहत असताना क्यूईएमयू मॉनिटरवरून 'एनएमआय' सोडा, बूट ओळीत 'एनएमआय=फेटल' आणि 'वॉचडॉग=फोर्स' ठेवून. नुसत्या 'वॉचडॉग'ने अनोळखी एनएमआय दुर्लक्षिले जातात.

पुढचे काम प्रत्यक्ष हार्डवेअरवर. झेन फक्त आपला वॉचडॉग बंद करते. डॉम०ने (झेनवरच्या नियंत्रक व्हर्च्युअल मशीनने) सुरू केलेला इंटेल टीसीओ हा हार्डवेअर वॉचडॉग चालूच राहतो, ड्रायव्हरचा डिफॉल्ट ३० सेकंद. क्रॅश-कर्नलच्या इनिटरॅमएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीच्या फाइलसंचात) तो ड्रायव्हर आणि त्याला थोपटणारी, म्हणजे त्याची वेळ पुन्हापुन्हा नव्याने सुरू करणारी, प्रोसेस नसेल तर डंप अर्ध्यात असताना मशीन रीसेट होते. डंप लिहिणाऱ्या 'मेकडंपफाइल'ला '-एक्स' दिल्यास डॉमयूंची (बाकीच्या व्हर्च्युअल मशीनची) मेमरी-पाने वगळली जातात आणि लिहिण्याचा वेळही घटतो.