आमची वाटचाल : जीप मूळचीच, क्लच भरवशाचा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात वडिलांनी एका लेथवर धंदा सुरू केला. ऑइल इंजिनांचे, ट्रॅक्टरचे सुटे भाग ते करत. जीपची कामं मागोमाग आलीच, कारण तेव्हा साखर कारखाना असो की पाटबंधारे खातं, दारात जीपच उभी असायची. कारभार माझ्याकडे आला तोवर गिऱ्हाईक बदललं होतं. आता नातू येतात, आजोबांची महिंद्रा सीजे-३बी पुन्हा रस्त्यावर आणायला. सगळ्यांची अट एकच : सगळं ओरिजिनल हवं. ती अट मला मनापासून आवडते. बोलणं अडतं ते क्लचपाशी.

मालवणचे एक गृहस्थ असेच आले होते. "काका, प्लेट कंपनीची आहे. साफ करा आणि तीच बसवा." प्लेट उजेडात धरली तर रिव्हेटच्या भोकापासून कडेपर्यंत लायनिंगला, म्हणजे प्लेटवरच्या घर्षणाच्या थराला, केसाएवढी चीर. प्लेट जिच्यावर दाबली जाते त्या इंजिनाच्या जड चकतीवर, फ्लायव्हीलवर, निळे डाग, म्हणजे क्लच घसरून भरपूर तापलेला. त्यांना चीर दाखवली आणि कागदावर हिशेब मांडला.

लो रेंज, म्हणजे जीपची जास्त जोराची, कमी वेगाची गिअरची जोडणी, आणि त्यात पहिला गिअर. चाकाची एक फेरी होते तेव्हा क्लच प्लेटच्या साधारण ३६ होतात. गगनबावड्याहून खाली करूळ घाटात कोणी याच गिअरमध्ये क्लच दाबून गाडी सोडली, तर इंजिन निवांत असतं, पण प्लेटला चाकं फिरवत असतात. ताशी ३० किलोमीटरला ती मिनिटाला आठ हजारांवर फेऱ्या घेते. इंजिन स्वतः कधी एवढं फिरत नाही. त्या वेगाला, केंद्रापासून १० सेंटीमीटरवरच्या १० ग्रॅमच्या तुकड्यावर ७० किलोहून जास्त ओढ असते. लायनिंग सुटलं की बेल हाऊसिंग, म्हणजे क्लचभोवतीचं आवरण, फुटू शकतं, आणि त्याच्या वर पातळ पत्रा आणि आपले पाय. गृहस्थ बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "नवी टाका."

त्यातून आमची पद्धत ठरत गेली. जे दिसतं आणि हाताला लागतं, म्हणजे पेडल, त्याची दांडी, गिअरचा दांडा, ते मूळचंच ठेवायचं. झिजलं असेल तर तेच दुरुस्त करायचं. जे बंद हाऊसिंगमध्ये फिरतं ते नवं : प्लेट, लायनिंग, रिव्हेट, रिलीज बेअरिंग. फ्लायव्हील जुनं चालतं, पण चिरांची तपासणी आणि बॅलन्सिंग झाल्यावरच. फ्लायव्हीलचं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, तापून चिरलं असेल तर घासून चकचकीत करण्यात अर्थ नाही. या गावात ओतकाम कळणाऱ्या कोणालाही ते पटतं. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचा, म्हणून ती धूळ आम्ही हवेने उडवत नाही, ओल्या फडक्याने टिपतो.

काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून मालकाला परत देतो. चासीला नवं भोक नाही, वेल्डिंग नाही. उद्या कोणाला जुना भाग प्रदर्शनापुरता लावायचा असेल तर लागला पाहिजे. जुन्या गाड्यांच्या जागतिक महासंघाची, फिव्हाची, २०१३ ची तुरीन सनदही बदल करावा लागलाच तर तो परत काढता येईल असाच करावा, असं सांगते. आपल्याकडे २०२१ च्या विंटेज नोंदणीच्या नियमात पन्नास वर्षांवरच्या गाडीची चासी, बॉडी शेल आणि इंजिन यांत मोठे फेरफार नकोत, अशी अट आहे. नव्या क्लच प्लेटने नोंदणी जाईल ही भीती उगाच आहे, हे मी दर आठवड्याला कोणाला तरी समजावतो.

काही जण क्लचभोवती शर्यतीच्या गाड्यांसारखं जाड पोलादी कवच मागतात. इंजिनाची ताकद वाढवलेली असेल तर ते हवंच. साध्या जीपला मी नको म्हणतो. तेच पैसे चांगल्या प्लेटला आणि फ्लायव्हीलच्या तपासणीला लावा.

चिरा तपासायला आम्ही अजून फ्लायव्हील बाहेर पाठवतो. यंदा त्या तपासणीचं यंत्र आपल्याच शेडमध्ये बसवायचं ठरवलंय. लेथशेजारची जागा त्यासाठी मोकळी केली आहे. आणि गाडी नेताना मालकाला चावीबरोबर एक सूचना मिळते : घाट उतरताना क्लचवरून पाय काढा, गाडी गिअरमध्ये राहू द्या.