गुण मिळाले, पण स्पर्धा संपल्यावर

इंग्लंडमधल्या जुन्या चर्चच्या नोंदवह्या वाचून टाइप करायच्या, अशी स्वयंसेवकांची स्पर्धा होती. मुदतीत ज्याच्या नोंदी जास्त, तो वर. फक्त एक अट होती: दुसऱ्या स्वयंसेवकाने तपासून मंजूर केल्याशिवाय गुण नाहीत. नाव नोंदवणं, सरावाची पानं, गट निवडणं यात काहीच अडलं नाही. अडलं ते त्या तपासणीत.

माझ्या वाट्याला अठराव्या शतकातली बाप्तिस्म्याची वही आली. डिसेंबर १७३१ संपला, खाली जानेवारी आला, फेब्रुवारी आला आणि साल तेच, १७३१. मार्चच्या शेवटाकडे कुठे १७३२ उगवलं. कारण सरळ आहे. तेव्हा इंग्लंडमध्ये कायद्याने वर्ष सुरू व्हायचं २५ मार्चला. १ जानेवारीला सुरू व्हायला लागलं ते १७५२ पासून. स्पर्धेचा नियमही स्पष्ट होता: पानावर दिसतं तेच लिहा. मी १७३१ लिहिलं.

तपासनीसांनी जानेवारी ते मार्चच्या सगळ्या नोंदींवर १७३२ चढवलं आणि 'वर्ष चुकीचे' असा शेरा मारून आख्खी तुकडी, म्हणजे मी एकत्र पाठवलेल्या सगळ्या नोंदी, परत पाठवली. तुकडी परत आली की तिचे गुण शून्य.

आक्षेप नोंदवायला गेले, तर कारणांच्या यादीत 'अक्षर लागत नाही', 'पान अस्पष्ट' आणि 'इतर' एवढंच. तपासणाराही चुकू शकतो हे यादी करणाऱ्याच्या मनातही आलं नसावं. 'इतर' निवडून सगळं समजावून लिहिलं. उत्तर आलं, 'प्रलंबित'. पुन्हा लिहिलं, तर 'हा आक्षेप आधीच नोंदवला आहे' म्हणून तो बंद! इकडे गुणतक्त्यावर लोक भराभर वर सरकत होते. बहुतेकांनी १८१३ नंतरच्या वह्या उचलल्या होत्या. तेव्हापासून बाप्तिस्म्याच्या नोंदी छापील नमुन्यात करायच्या असा कायदा होता; मुलाचं नाव, आईवडील, राहण्याचं ठिकाण, बापाचा धंदा, सगळं आपापल्या रकान्यात. डोळे मिटून टाइप करावं. गुण मात्र त्यांना आणि आम्हाला सारखेच. तुम्हाला फक्त नंबर हवा असेल तर त्याच वह्या घ्या, मी नावं ठेवणार नाही.

एका वर्षासाठी एवढी हुज्जत कशाला, असं आमच्या गटातल्या एकाने विचारलंच. समजा, बाळाचा बाप्तिस्मा जून १७३१ मध्ये झाला आणि आईचं दफन जानेवारी १७३१ मध्ये. आजच्या हिशेबाने वाचलं तर आई गेल्यावर पाच महिन्यांनी बाळाचा बाप्तिस्मा. खरं तर जून आधी, जानेवारी नंतर. पुढे घराणं शोधणारा माणूस हे जाणून स्वतः एक वर्ष पुढे धरतो. आपण आधीच १७३२ करून ठेवलं, तर तो १७३३ वर जाऊन बसेल. काही कारकून स्वतःच १७३१/३२ असं दुहेरी साल लिहीत; तिथे दोन्ही आकडे ठेवायचे.

शेवटी समन्वयकांचं उत्तर आलं: 'तुमचं बरोबर आहे, मूळ साल ठेवतो.' तुकडी मंजूर झाली, गुण जमा झाले. तोवर निकाल लागून गेला होता. तरी ती हिरवी खूण मी दोनदा उघडून पाहिली.

हे आधीच सांगायला हवं होतं: टाइप करण्याआधी वहीची मागची-पुढची पानं चाळा, साल कुठे बदलतं ते तिथेच कळतं. शेऱ्याच्या चौकटीत कारण आधीच लिहून ठेवा. मी लिहिलं ते तुकडी परत आल्यावर. नावांचे संक्षेप उलगडू नका. 'जे-एन-ओ' म्हणजे बहुतेक वेळा जॉन, त्याचा जोनाथन करणारे तपासनीसही भेटतात. आणि जुन्या वह्या मुदतीच्या पहिल्या आठवड्यातच पाठवा. शेवटी तपासणीची रांग इतकी लांबते की आक्षेपाला कुणी वालीच उरत नाही.